दोन वारांवरचा झोका

गजअण्णांच्या दुकानाच्या उंबऱ्यावर कुणी पाय ठेवला की तो माणूस किती अंतरावर आहे, हे त्यांनी आधी ठरवलेलं असे. तो कोण, त्याला काय हवंय, हे सगळं नंतर. मी पहिल्यांदा दाजीबानपेठेतल्या त्या कापडदुकानात गेले तेव्हा ते गादीवर बसून एका बाईंपुढे खणांचे तागे उलगडत होते. मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पावणेतीन." मला वाटलं, हा कशाचा तरी भाव असणार. तसं विचारलं तर हसले. "भाव नव्हं हो. तुम्ही. पावणेतीन वारांवर उभ्या आहात. तिथनं काय कापड दिसतंय? बर्री, पुढं या."

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी धारवाडच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते आणि स्नेहसंमेलनाच्या पडद्यासाठी कापड घ्यायला हुबळीला आले होते. रंगमंचाची मापं मी कागदावर नीट लिहून आणली होती. अण्णांनी तो कागद हातात घेतला, पण बघितला नाही. शाळेचं नाव विचारलं. आपण एकदा कुणाच्या तरी मुंजीला त्या सभागृहात जेवलोय, असं म्हणत त्यांनी डोळे मिटले आणि सांगितलं, "रुंदी साडेनऊ वार." माझ्या कागदावर नऊ होतं. मी चित्रकलेची शिक्षिका, माप म्हणजे माझा प्रांत. मी हट्टाने नऊच वार घेतलं. शाळेत येऊन पडदा लावला तर कडेला अर्धा वार भिंत उघडी पडली. दुसऱ्या दिवशी निमूट पुन्हा हुबळीची बस धरली. अण्णांनी अर्धा वार कापड आधीच फाडून, घडी घालून ठेवलं होतं.

कापड मोजायचा वारभर लांब लोखंडी गज त्यांच्या डोक्यामागे खिळ्याला टांगलेला असायचा, म्हणून सगळी पेठ त्यांना गजअण्णा म्हणे. त्यांचं घराणं मूळचं मिरजेकडचं, पण तीन पिढ्या हुबळीत गेल्यामुळे त्यांचं मराठी बोलणं अधूनमधून कन्नडच्या अंगणात जाऊन यायचं. गजाच्या शेजारच्या खिळ्याला चामड्याच्या पिशवीत एक कॅमेरा लटकत असे. कापडदुकानात कॅमेरा कशाला, असा प्रश्न मला दुसऱ्याच खेपेला पडला, कारण मलाही तेव्हा फोटोंचं नवं नवं वेड लागलं होतं. "काय बघायलाय? काढा की," म्हणाले, आणि तागे बाजूला सारून त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला. दगडासारखा जड होता. पुढे रशियन लेन्स, आट्यांची, म्हणजे बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. तिच्या पोटात हात घालावा इतकी खोल, जांभळट काच.

हा कॅमेरा त्यांच्याकडे कसा आला, ती गोष्ट ते प्रत्येक वेळी थोडी वेगळी सांगत. सगळ्यांत समान एवढंच, की तरुणपणी ते वास्कोच्या बंदरावर कापड घेऊन गेले होते, तिथे एका रशियन खलाशाला बायकोसाठी इरकल लुगडं फार आवडलं आणि त्याच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. "मी त्याला नऊ वार दिलं, त्यानं मला हे दिलं," अण्णा म्हणत. ती रशियन बाई बर्फात नऊवारी कशी नेसली असेल, याची काळजी सुधावैनींना, म्हणजे अण्णांच्या पत्नीला, आयुष्यभर होती.

लेन्सच्या कड्यावर अंतराचे आकडे मीटरमध्ये कोरलेले होते. अण्णांनी त्यावर पांढऱ्या फितीची एक पट्टी चिकटवली होती आणि तिच्यावर बारीक निबाने आपली मापं लिहिली होती: एक, दीड, दोन, अडीच, तीन, पाच वार. मीटर हा सरकारी प्रकार आहे, अशी त्यांची समजूत होती. दुकानातसुद्धा मीटरपट्टी होती, कायद्यापुरती. जुनी गिऱ्हाइकं वारात मागत आणि अण्णा वारात देत. एका वारात दोन हात, आणि एक हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. एवढ्यावर जगातली सगळी अंतरं बसतात, असं ते म्हणत.

पट्टीच्या शेवटी आकडा नव्हता, नुसतं अनंताचं चिन्ह होतं. अण्णा त्याला आडवा आठ म्हणत. "तिथनं पुढं वार चालत नाही बाई. तिथनं पुढं सगळं आपसूक स्वच्छ." केलगेरीच्या तळ्यापलीकडची झाडं, उणकलचा डोंगर, ढग, चंद्र, सगळं आडव्या आठात. तिकडचं मोजायचं नाही. असं काही म्हणाले की ते थोडा वेळ रस्त्याकडे बघत बसत, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला दोनदा हाक मारावी लागे.

फोटो काढायची त्यांची रीत मी कुठल्याच पुस्तकात वाचलेली नाही. माझी रीत चारचौघांसारखी होती: डोळा लावायचा, कडं पुढे-मागे फिरवत बसायचं, चित्र स्वच्छ झालं की बटण दाबायचं. तोवर समोरच्याचं हसू वाळून गेलेलं असायचं. अण्णा कॅमेरा पोटाशी धरून नुसते बघत. अंतर ठरवत, अंगठ्याने कडं त्या खुणेवर नेत, आणि मग कॅमेरा डोळ्याला लावला की लगेच खट्. "तुम्ही काचेला विचारत बसता," ते मला म्हणत. "आपण सांगायचं, काचेनं ऐकायचं." मला ते फुशारकीचं वाटायचं. मग रोल धुऊन यायचा. माझ्या छत्तीसातले वीस बरे, अण्णांचे छत्तीसच्या छत्तीस.

कापड फाडताना ते मापाच्या वर चार बोटं सोडत, हा त्यांच्या दुकानाचा रिवाज. फोटोतही तेच. लेन्सचं तोंड बारीक केलं की मागचं-पुढचं थोडं जास्त स्वच्छ येतं. त्याला ते चार बोटांची सूट म्हणत. लग्नामुंजीत, बारशात, जत्रेत सगळीकडे सूट. वर्षातून एकाच दिवशी ते लेन्सचं तोंड सताड उघडत, आणि तेव्हा सूट नसायची. तो दिवस नागपंचमीचा.

आमच्या भागात पंचमीला लेकीबाळी माहेरी जातात, लाडू होतात आणि झाडाझाडाला झोके बांधतात. सुधावैनींचं माहेर धारवाडजवळच्या केलगेरीत. साठी जवळ आली तरी त्या पंचमीला माहेरी जात आणि परसातल्या चिंचेच्या झोक्यावर उभ्या राहत. अण्णा दुपारच्या बसने मागोमाग. आल्यावर ना पाणी ना गूळ, थेट परसात. झोका पुढे येऊन जिथे क्षणभर थांबतो ती जागा ते हेरत, तिथून दोन वारांवर पाय रोवून उभे राहत आणि कडं दोनवर ठेवून हात आखडून घेत. मग नुसती वाट बघणं. झोका लहान असला तर बटण दाबायचे नाहीत. मोठा झाला तरी नाही. झोका बरोबर दोन वारांवर येऊन थांबला की खट्. "आपण झोक्याच्या मागं धावायचं नाही. तो येतोय की आपल्याकडं." वैनी वरून ओरडत, "साकु आता, पुरे! पोरं हसायलीत!" आणि पुन्हा जोर घेत.

मी त्या परसात सात-आठ पंचम्या पाहिल्या. श्रावणातलं धड ऊन नाही, धड पाऊस नाही असं आभाळ, तळ्यावरून येणारा ओला वारा, दोराचा कुरकुर आवाज, आणि लुगड्याचा पदर मागे सोडून पुढे पुढे येणाऱ्या वैनी. फोटोत त्यांचा चेहरा लख्ख यायचा, नाकातल्या मोत्यासकट, आणि त्यांच्या मागे चिंचेची पानं गोल गोल फिरत असायची. ती गरगर त्या लेन्सचीच करणी होती. आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या बाई त्याला काचेचा दोष म्हणाल्या. मी अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "झोक्यावरनं झाडं तशीच दिसतात. दोष कसला त्यात?"

आता एक प्रसंग सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एकदा एक म्हातारी दुकानात आली आणि रडकुंडीला येऊन सांगू लागली, की दुसऱ्या एका दुकानातून घेतलेलं कापड दर वेळी घरी जाऊन मोजलं तर कमी भरतं. दुकानदार म्हणतो, मोजताना हात चुकला असेल. अण्णांनी विचारलं, "कधी जास्त भरलं होतं?" म्हातारी म्हणाली, कधीच नाही, दर वेळी तेवढंच कमी. "मग हात नव्हं तो," अण्णा म्हणाले. "माणूस चुकला तर कधी इकडं चुकतो, कधी तिकडं. गज चुकला तर कायम एकीकडंच." आणि त्यांनी तिला स्वतःचा गज देऊन त्या दुकानात पाठवलं. तो गज हीच त्यांची सगळी अब्रू. मी मात्र ते वाक्य ऐकलं आणि विसरून गेले.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी मी पगारातून साठवून डिजिटल कॅमेरा घेतला. तोवर अण्णा सत्तरीला टेकले होते. मुलगा मोहन दुकान बघू लागला होता, पण गादी आणि गज अण्णांकडेच. त्या श्रावणात हुबळी-धारवाडला अशी ओल धरली की अण्णांच्या कॅमेऱ्याचा आतला पडदा, म्हणजे शटर, बुरशीने चिकटून बसला. लेन्स ठणठणीत, कॅमेरा मुका. पंचमी चार दिवसांवर. अण्णा दुकानात कॅमेरा उन्हाच्या कवडशात धरून बसलेले मला दिसले आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "माझा घ्या की. त्याच्यावर तुमचीच लेन्स बसवू." जुनी आट्यांची लेन्स नव्या कॅमेऱ्याला लावायची एक धातूची कडी मिळते, अंगठीएवढ्या जाडीची. ती मी पोस्टाने मागवून ठेवलेलीच होती, मिळेल त्यातली स्वस्त. अण्णांनी ती कडी बोटांत फिरवून बघितली. "ही काय करते?" "काही नाही अण्णा," मी म्हणाले. "नुसती जोडते."

त्या पंचमीला अण्णांनी अकरा फोटो काढले. तोंड सताड उघडं, सूट नाही, कडं दोनवर. कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा पडद्यावर सगळेच छान दिसत होते. वैनींनीसुद्धा झोक्यावरून उतरून बघितले आणि "अगंबाई, लगेच?" म्हणाल्या. अण्णांची तक्रार एकच, की नव्या कॅमेऱ्यात झाडं पूर्वीइतकी फिरत नाहीत. आठवड्याने मी कोप्पीकर रोडवरच्या स्टुडिओतून मोठे प्रिंट करून घेतले आणि पाकीट न उघडता तसंच दुकानात नेऊन दिलं. अण्णांनी एकेक फोटो काढून गादीवर मांडला. अकराच्या अकरा फोटोंत वैनींचा चेहरा धुरकट होता. नाक कुठे, मोती कुठे, काही कळत नव्हतं.

मी काहीतरी बोलले: कॅमेरा हलला असेल, आभाळ होतं. अण्णांनी ऐकलं नाही. ते उठले, दाराशी उभ्या असलेल्या सायकलकडे बघून हळूच काहीतरी आकडा पुटपुटले, आणि मान हलवली. त्याच वेळी एक बाई अस्तराचं कापड घ्यायला आल्या. अण्णांनी दोन वार मोजलं, पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. कात्रीने चीर दिली, पण फाडायला हात उचलेना. मग ते कापड मोहनपुढे सरकवलं, गज खिळ्याला टांगला आणि चपला घातल्या. "माझा वार गेला," एवढंच म्हणाले. "लोकांना कमी जाईल. तू बस."

दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात आले नाहीत.

मला आधी वाटलं, रुसवा आहे, दिवाळीपर्यंत उतरेल. दिवाळी गेली. मी घरी जायची तेव्हा ते खिडकीत बसलेले असत. मी दारात उभी राहिले तरी आकडा नाही. "या बाई," एवढंच. ज्या माणसाने जन्मभर जगाशी अंतराने ओळख ठेवली, त्याला आता समोरची खुर्ची किती दूर आहे हे बोलून दाखवायची भीती वाटत होती. चहाचा कप घेताना हात जरा जास्तच जपून पुढे यायचा. मला वाईट वाटायचं, पण मीही मनात मान्य केलं होतं की वय झालं, नजर गेली. त्या घरात ते मान्य नसलेलं माणूस एकच होतं. "ह्यांचा वार जायचा नाही," सुधावैनी मला दाराबाहेर सोडायला येऊन सांगायच्या. "अजून अंधारात उठून तांब्या बरोबर उचलतात. तुमच्या त्या यंत्रालाच काहीतरी झालंय." मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, बिचाऱ्या.

डिसेंबरात शाळेच्या प्रदर्शनासाठी मी जुने फोटो चाळत होते. त्यात ते अकरा फोटो निघाले. अण्णांनी ते मला परत दिले होते, घरात नकोत म्हणून. चित्रकलेच्या मास्तरणीची खोड, चेहरा बिघडलेला असला तरी मी कापडाच्या चुण्या बघतेच. बघते तर वैनींच्या मागे उडालेला पदर! त्यावरच्या लाल-पांढऱ्या पट्ट्या इतक्या स्वच्छ, की दातेरी टोकं मोजावीत. दुसरा फोटो घेतला, त्यात पदर स्वच्छ. तिसऱ्यात, चौथ्यात, अकराव्यात. चेहरा प्रत्येक वेळी धुक्यात आणि त्याच्यामागे हातभर अंतरावर पदर प्रत्येक वेळी लख्ख. आणि मग मला ती म्हातारी आठवली, जिचं कापड दर वेळी तेवढंच कमी भरायचं.

मी शाळेच्या व्हरांड्यात टेप पसरली. कडी लावून लेन्स बसवली, कडं अण्णांच्या दोनवर ठेवलं, आणि टेपवर खडूचे तुकडे उभे करून फोटो काढला. दोन वारांवरचा खडू धुरकट. अडीच वारांवरचा लख्ख. कडी हवी त्याहून नखभर पातळ होती; तेवढ्याने लेन्स आत सरकली होती आणि पुढची सगळी अंतरं मागे ढकलली गेली होती. नुसती जोडते, असं मी म्हणाले होते. त्या व्हरांड्यात मला माझीच लाज वाटली. चार महिने एक माणूस खिडकीत बसून होता तो माझ्या कडीमुळे, आणि मी त्याची कीव करत होते.

दुसऱ्याच दिवशी हुबळी गाठली. वैनींनी दार उघडलं. माझा चेहरा बघून त्या बाजूला झाल्या. मी अण्णांपुढे पलंगावर अकरा फोटो मांडले. त्यांनी मान फिरवली. "उचला ते."

"चेहरा बघू नका अण्णा. पदर बघा."

वैनी आतून त्यांचं ते लहानसं घडीचं भिंग घेऊन आल्या, ज्याने ते कापडाचे धागे मोजत, आणि त्यांच्या हातात ठेवून म्हणाल्या, "बघा की. माझाच पदर आहे, परक्या बाईचा नाही." अण्णांनी भिंग पहिल्या फोटोवर ठेवलं आणि वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. मग दुसरा. मग तिसरा. बाहेर भाजीवाली ओरडत गेली.

"सगळ्यांत एक हात," शेवटी ते म्हणाले.

"सगळ्यांत," मी म्हणाले. "अण्णा, माणूस चुकला तर..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. भिंग हळू मिटलं. ते हसताहेत की रडताहेत हे मला कळेना. बहुतेक त्यांनाही कळत नसावं. "कधी इकडं, कधी तिकडं," ते स्वतःशीच म्हणाले. "हे तर कायम एकीकडंच." मग माझ्याकडे बघितलं. चार महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे अंतर म्हणून बघितलं. "बाई, तुम्ही सव्वा वारावर बसलाय आणि तुमचा गज खोटा आहे."

"होय अण्णा," मी म्हणाले आणि मला रडू आलं.

"रडता कशाला? टोपी कुठाय माझी?" हे वैनींना. वैनी टोपी हातात घेऊनच उभ्या होत्या. ती देताना त्या म्हणाल्या, "मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं," आणि मग पदराने डोळे पुसत आत गेल्या. दुकानापर्यंत अण्णा माझ्या पुढे चालत होते आणि वाटेतल्या प्रत्येक वस्तूचा आकडा मोठ्याने सांगत होते: हातगाडी चार, गाय सहा, खांब साडेआठ. लोक बघत होते. दुकानात मोहन त्यांना बघताच गादीवरून उठला. पहिलं गिऱ्हाईक दोन वार पॉपलिन मागायला आलं. अण्णांनी गज काढला, एकदाच मोजलं, चीर दिली आणि टर्रकन फाडलं. "चार बोटं नव्हं, आज एक हात वर घ्या," त्या बाईंना म्हणाले. "आमच्या टीचरबाईंच्या नावानं."

पुढच्या पंचमीच्या आधी त्यांनी माझ्याकडून कडीसकट कॅमेरा मागून घेतला. दुकानाच्या फरशीवर गज टाकून, दोन दुपारी खपून, लेन्सवर दुसरी पट्टी चिकटवली. पांढरी पट्टी जुन्या कॅमेऱ्याची, लाल पट्टी खोट्या कडीची. मी नवी, बरोबर जाडीची कडी आणते म्हणाले तर नको म्हणाले. खोटी आहे हे एकदा कळलं की तिच्याशी जमवून घेता येतं, असं काहीसं बोलले. त्या पंचमीचा फोटो लख्ख आला, नाकातल्या मोत्यासकट. तिच्या पुढच्या पंचमीचाही.

मग सुधावैनी गेल्या. चार दिवसांचं दुखणं झालं, तेवढंच. आडव्या आठापलीकडे गेल्या असं अण्णा म्हणतील, असं मला वाटलं होतं. पण ते काही म्हणाले नाहीत. त्यानंतर मलाही बेळगावला दुसरी नोकरी मिळाली. निघायच्या आधी निरोप घ्यायला दुकानात गेले. गजाशेजारच्या खिळ्यावर कॅमेऱ्याची पिशवी नव्हती, तिथे एक चौकट टांगलेली होती. मला वाटलं, शेवटच्या पंचमीचा तो सुंदर फोटो असेल. जवळ जाऊन बघितलं तर त्या अकरांपैकी एक. चेहरा धुरकट, पदर लख्ख.

"अण्णा, हा का? तो चांगला आहे की, मोत्याचा."

अण्णा गादीवरून उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "तो घरी आहे. सगळे घरी आहेत. पण त्यात ती येऊन पोचलीय बाई." मग चौकटीवरच्या काचेवर बोट ठेवलं, जिथे वैनींचा चेहरा असायला हवा होता तिथे. "ह्यात अजून येतेय."

निघताना त्यांनी माझ्या हातात एक पुरचुंडी दिली, खणाच्या तुकड्यात बांधलेली. उघडायची गरज नव्हती, वजनावरूनच कळलं. मी नको नको म्हणत होते. "घ्या," म्हणाले. "आता माझ्या दोन वारांवर कोण येतंय?" मी पायरी उतरून रिक्षात बसले तेव्हा ते दारात उभे होते. रिक्षा सुटली. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मला खात्री आहे, आकडेच म्हणत होते.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुकानात मोहनने काचेचं कपाट केलंय, गज कुठे गेला ते मी विचारलं नाही. लेन्स माझ्याकडे आहे, दोन्ही पट्ट्यांसकट. पांढरीवरची शाई पिवळी पडलीय. मी आता काचेला विचारत नाही. कॅमेरा पोटाशी धरते, समोर बघते, अंतर ठरवते, कडं तिथे नेते आणि मगच डोळा लावते. बऱ्याचदा चुकते. कधी इकडे, कधी तिकडे.